दोन गळ्यांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पिशवी म्हटल्याबरोबर बाजारातली भाजी डोळ्यांपुढे आली असेल, तर ती आधी काढून टाका. मी गळ्यात घालायची पिशवी. वीतभर लांब, चार बोटं रुंद. माझ्या पोटात परदेशी शिकायला गेलेल्या एका मुलीचं आरोग्य विम्याचं कार्ड असायचं. आता नाडी विटली आहे, चेनचे तीन दात पडले आहेत आणि मी टेबलाच्या खणात दिवस काढते आहे. काढते आहे तेच बरं आहे. तोंड वर करून मिरवावं असं माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

मला वाचता येत नाही. इतकी वर्षं छापील कार्ड पोटात बाळगलं, पण त्यावरचं एक अक्षर कळलं नाही. कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. खोटं मात्र बोलणार नाही. माझ्या वाट्याचं खोटं बोलून झालं आहे.

मी पिशवी व्हायच्या आधी छत्री होते. काळी, लांब दांड्याची. दोन चुलत बहिणी माझ्याखालून शाळेत जायच्या. थोरली आणि धाकटी, दोघींत दीड वर्षाचं अंतर, आणि चेहरे असे की मास्तर दर आठवड्याला फसायचे. छत्रीखाली दोघी दाटीवाटीने चालायच्या. थोरलीचा डावा खांदा भिजायचा, धाकटीचा उजवा. घरी पोचल्यावर कुणी खांदे बघत नसे. एका छत्रीत दोघी आल्या, याचंच कौतुक व्हायचं.

कौतुक करायच्या त्या काकू. म्हणजे थोरलीची आई आणि धाकटीची मोठी काकू. घर त्यांच्या मुठीत होतं. चौथीत शाळा सुटलेली, पण हिशेब तोंडी, माणसाची पारख एका नजरेत आणि जीभ अशी की समोरच्याने उत्तर शोधेपर्यंत काकूंचं दुसरं वाक्य येऊन बसलेलं असे. धाकटीची आई ती लहान असतानाच वारली होती. तेव्हापासून दोघी पोरी काकूंच्याच. आपण शिकलो नाही तर या दोघींना शिकवायचंच, आणि तेही साता समुद्रापार, असा काकूंनी पणच केला होता. भाऊबंद हसले. काकूंनी त्यांचं हसू लक्षात ठेवलं.

जायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. दांडा मोडून मी माळ्यावर पडले होते, आणि खाली बोलणं चाललं होतं.

"आई, माझ्या विद्यापीठात आरोग्य विमा घ्यावाच लागतो," थोरली म्हणाली. "त्याशिवाय नावच नोंदवत नाहीत."

"आणि हिच्या?"

"माझ्या संस्थेत सक्ती नाही, मोठी काकू," धाकटी म्हणाली. "पण घ्या असं सांगतात. तिथे साधी पट्टी बांधायची तरी फार खर्च येतो म्हणे."

"सक्ती नाही ना? मग कशाला? अजून शिंक आली नाही आणि डॉक्टरची भरती आधीच! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी."

"अगं आई, पण ही आजारी पडली तर?"

"एका वेळी दोघी थोड्याच पडाल? आतापर्यंत एक छत्री पुरली, एक सायकल पुरली. एक कार्ड पुरणार नाही? आडनाव एक, नाक एक, हनुवटी एक. इथल्या मास्तरांना कळलं नाही, तिथल्या लोकांना काय कळणार?"

धाकटीचे वडील कोपऱ्यात बसले होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, त्यांचे काही नियम असतील."

"नियम मला सांगू नका, भाऊजी. नियमाने चालले असते तर या दोघीही माझ्यासारख्या चौथीतच उठल्या असत्या."

झालं. विषय संपला. यात काकूंची चिक्कूगिरी होती असं समजू नका. दोघींच्या तिकिटासाठी त्यांनी आपल्या हातातलं होतं नव्हतं ते मोडलं होतं. पण आजारपणासाठी आधीच काही करून ठेवणं म्हणजे त्याला घराचा पत्ता देणं, असं त्यांचं पक्कं मत. आणि आपलं-तुपलं न करता एका वस्तूत दोघींचं भागवणं हा तर त्यांच्या घराचा थाटच होता. त्या थाटाची मी तुकडा कापून घेतलेली साक्षीदार.

तुकडा खरंच कापून घेतला. काकूंनी मला माळ्यावरून काढलं, काड्यांवरून सोलून काढलं आणि मशीनवर बसल्या. "छत्रीचं कापड आहे, आत पाण्याचा थेंब जायचा नाही," म्हणाल्या. कडेने दुहेरी टीप मारली, जुन्या पर्सची चेन लावली, नाडी वळली आणि स्वतःच्या गळ्यात घालून आरशात पाहिलं. मला आठवतं, मी त्या वेळी फुगले होते. मोडकी छत्री म्हणून भंगारात जायची, ती मी परदेशी निघाले! माझ्यासारखी मीच.

निघायच्या दिवशी काकूंनी थोरलीला जवळ बसवलं. "एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. तुला पेनिसिलिन चालत नाही. पाच वर्षांची असताना दिलं होतं, तोंड भोपळ्याएवढं सुजलं, श्वास कोंडला. हातातून गेलीच होतीस. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा हे लिहून दे."

थोरलीने ते केलं. पोचल्यावर आठवड्याच्या आत ती विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली. मी तिच्या गळ्यात. काउंटरवर मोठ्या चष्म्याची बाई होती. तिने माझ्या पोटातलं कार्ड घेतलं, जन्मतारीख विचारली, थोरलीने सांगितलेलं औषधाचं सगळं संगणकात लिहून घेतलं आणि कार्ड परत केलं. कार्डावर फोटो नव्हता. तो असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मी आज मान ताठ ठेवून बसले असते.

दोघी कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत. खाली यंत्रं फिरू लागली की वर फरशी थरथरायची आणि कपबशा किणकिणायच्या. दोन खाटा, एक खिडकी, दाराजवळ एक खिळा. त्या खिळ्यावर माझी जागा. थोरली पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकत होती. धाकटी लाकूडकामाच्या संस्थेत खुर्च्या-टेबलं घडवायला शिकायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांतून लाकडाचा भुसा पडायचा.

दुसऱ्याच महिन्यात लाकूड तासायची पटाशी सटकली आणि धाकटीच्या तळहातात शिरली. रक्ताने रुमाल भिजला. थोरलीने मला खिळ्यावरून काढून तिच्या गळ्यात घातलं.

"जन्मतारीख विचारतील. माझी सांग."

"खोटी सांगू?"

"खोटी कशी? आपल्याच घरातली तारीख आहे."

इतक्या कळा येत असतानाही धाकटी हसली. मीही मनात हसले. दवाखान्यात चार टाके घातले. चष्मेवाल्या बाईने कार्ड पाहिलं, तारीख ऐकली, मान डोलावली. कुणी वर मान करून चेहरा पाहिला नाही. त्या दिवशी काकूंना फोनवर हे सगळं सांगितलं, तर त्यांचा आवाज खोलीभर झाला. "बघितलंत? म्हटलं नव्हतं मी? पिशवी नाही ती, दोन लेकींची माउली आहे! भाऊजींना ऐकवते आता."

ही स्तुती मी पोटात घट्ट धरून ठेवली. तेव्हापासून मी खिळ्यावरून खाली बघायची ती तोऱ्यातच. खुंटीवर दोघींचे कोट असत. ज्याचा त्याचा कोट, ज्याची त्याची मापं. मी मात्र दोन्ही गळ्यांना बसायची. मला वाटायचं, माझ्याएवढी कामाची वस्तू या खोलीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणतात. मला जीभ नाही, पण मनातल्या मनात मी तेच करत होते.

मग हिवाळा आला आणि धाकटीचा घसा सुजला. आत पांढरे ठिपके, अंगात ताप, थुंकी गिळवेना. दोन दिवसांवर तिची परीक्षा होती. आठ आठवडे खपून केलेली खुर्ची परीक्षकांपुढे मांडायची होती. तिने मला गळ्यात घातलं आणि एकटीच दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बोलताना पेनाचं टोपण चावायच्या. घसा बघून त्या म्हणाल्या, "याला पेनिसिलिन चांगलं. पण तुमच्या नावापुढे लिहिलं आहे की ते तुम्हाला चालत नाही. तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

थोरलीला काय झालं होतं ते धाकटीला कुठे आठवत होतं? तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. थोरली मरता मरता वाचली एवढंच घरात ऐकलेलं; सुजलं होतं की पुरळ आलं होतं, चेहरा की हात, किती वेळ, काही ठाऊक नाही. चुकीचं सांगितलं तर पकडले जाऊ, ही धास्ती. तिच्या छातीतली धडधड माझ्या कापडाला कळत होती.

"काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "लिहिताना चूक झाली असेल. मी ते बऱ्याचदा घेतलंय."

तिने स्वतःपुरतं खरंच सांगितलं होतं. पण ते सांगितलं दुसरीच्या नावाने.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही हो. त्यांना मी बोल लावणार नाही. आधी थोडीशी मात्रा दिली, तासभर समोरच्या बाकावर बसवून ठेवलं, दर दहा मिनिटांनी तोंड आणि हात तपासले. काहीच झालं नाही. कसं होईल? मग त्यांनी संगणकातली जुनी नोंद खोडली आणि समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं. एक चुकीची नोंद जन्मभर तुमच्यामागे लागली असती."

धाकटी चार दिवसांत बरी झाली. खुर्ची परीक्षकांना आवडली. थोरलीने विचारलं, "काय म्हणाले दवाखान्यात?" तर धाकटी म्हणाली, "गोळ्या दिल्या." तेवढंच. ती खोडलेली ओळ तिच्या मनाला लागून राहिली होती, नाही असं नाही. सांगेन उद्या, सांगेन परवा, असं तिचं चाललं होतं. मी काय केलं? मी पुन्हा खिळ्यावर चढले आणि आणखी एकदा कामी आले म्हणून खूश झाले. आठवलं की आजही शिवण उसवावीशी वाटते.

दोन महिन्यांनी थोरली आजारी पडली. आधी सर्दी, मग खोकला, मग एके दुपारी ती वर्गातून घरी आली ती भिंत धरत. अंगाला हात लावला तर चटका. बोलायला लागली ते घरच्या गोष्टी, माळ्यावरच्या, सायकलीच्या, कशाचा कशाला मेळ नाही. धाकटीने मला तिच्या गळ्यात घातलं. खालच्या दुकानाचा मालक, एरवी तोंडावरची माशी न हलवणारा माणूस, त्याने धुतलेल्या चादरींची गाडी रिकामी केली आणि दोघींना मोठ्या इस्पितळात पोचवलं.

तिथे सगळं भराभर झालं. छातीचा फोटो निघाला, नाकाला नळी लागली. डॉक्टर उंच, शांत आवाजाचे. त्यांनी माझ्या पोटातलं कार्ड घेऊन नंबर संगणकात घातला, वाचलं आणि नर्सला औषधाचं नाव सांगितलं. "फुप्फुसाला सूज आहे. ताप चढतो आहे. लगेच सुरू करा."

नाव धाकटीने ओळखलं. "नको! तिला पेनिसिलिन चालत नाही."

"मी नोंद वाचली आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी तसं लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतः देऊन, तासभर बसवून पाहिलं. काही झालं नाही. लहानपणच्या अशा आठवणी पुष्कळदा चुकीच्या निघतात. तुम्ही घाबरू नका."

नर्सने बाटली खांबाला अडकवली. मी थोरलीच्या छातीवर होते. तिचा श्वास माझ्याखाली फाटक्या भात्यासारखा वाजत होता. त्या खोलीत खरं काय ते तिघींना ठाऊक होतं. एक तापाने बरळत होती, दुसरी सगळं सांगायला भीत होती, आणि तिसरी मी, कापडाची.

धाकटीने भिंतीकडे तोंड करून फोन लावला. काकूंचा आवाज मला तिथूनही ऐकू येत होता.

"मोठी काकू, ते तिला पेनिसिलिन देतायत."

"देतायत म्हणजे? नको म्हण!"

"म्हटलं. ऐकत नाहीत. त्यांच्याकडे लिहिलंय की तिला चालतं."

"कुणा मेल्याने लिहिलं?"

"माझ्यामुळे लिहिलं गेलं. माझा घसा सुजला तेव्हा. तिच्या कार्डावर."

काकू म्हणाल्या, "त्यांना सांग, आई नको म्हणते. दुसरं द्या म्हणावं. कारण विचारू नका म्हणावं."

धाकटीने तसं सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "दुसरं औषध आहे. पण हिला हेच सगळ्यात लवकर गुण देईल, आणि आपल्याकडे वेळ कमी आहे. नोंद स्वच्छ असताना मी ते का टाळू? काही कारण असेल तर आत्ता सांगा."

धाकटीने पुन्हा फोन कानाला लावला. आता ती रडत होती. "खरं सांगितलं तर तिचा विमा जाईल, काकू. विद्यापीठातून नाव काढतील. दोघींना परत पाठवतील. सगळे हसतील तुला."

"हसू देत."

"तूच म्हणायचीस, मान खाली घालायची नाही."

"अगं मुली, मान खाली जाते ती वर येते. पोरगी गेली तर येते का? सांग त्यांना. मी बोलते तसं, शब्द न् शब्द. कार्ड एक होतं, मुली दोन होत्या आणि शहाणपणा माझा होता. माझं नाव सांग. तुझं नको."

काकूंचं नाव घेऊन तिथे काय उपयोग होणार होता? तिथे त्यांना कोण ओळखत होतं? पण त्या बाईने आयुष्यभर जपलेली एकच वस्तू, आपलं नाव, त्या घटकेला पुढे केली. नर्सचा हात नळीच्या चिमट्यावर होता. धाकटीने पुढे होऊन तो हात धरला.

"थांबा. तो घसा माझा होता. कार्ड हिचं, नाव हिचं, पण औषध मी घेतलं होतं. हिने इथे कधीच घेतलेलं नाही. लहानपणी घेतलं तेव्हा ही मरता मरता वाचली."

डॉक्टरांनी बोटानेच खूण केली. नर्सने बाटली उतरवली आणि पळत दुसरी घेऊन आली. त्यांनी धाकटीला एक शब्द लावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "हिच्या नावावर आणखी काय काय तुमचं आहे?"

त्या प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली, तेवढी शिव्यांनी वाटली नसती.

थोरली वाचली. दुसऱ्या औषधाने वेळ घेतला, दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, पण ताप उतरला. पुढे विम्याच्या कार्यालयाने दोघींना समोर बसवून सगळं लिहून घेतलं. थोरलीचा विमा राहिला, पण धाकटीवर झालेला सगळा खर्च काकूंना भरावा लागला. किती, ते सांगत नाही. तो भरून लाज फिटली असती तर मीही आकडा सांगितला असता. विद्यापीठाने थोरलीला लेखी समज दिली. धाकटीच्या संस्थेच्या प्रमुखांनी तिला बोलावलं, अर्धा तास बोलले आणि तिचा स्वतःचा विमा उतरवल्याशिवाय पटाशीला हात लावू दिला नाही. तिचं कार्ड आलं, त्यावर तिचं नाव होतं. ते तिने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. माझ्यात ठेवलं नाही.

पण तो कागदांचा दिवस तुम्हाला सांगायला हवा. थोरलीला उठवून बसवलं त्या दिवशी नर्स दोन कोरे कागद घेऊन आली. एक थोरलीच्या नावाचा, एक धाकटीच्या. म्हणाली, "आता एकेक दुखणं ज्याचं त्याला देऊ या."

"तळहाताला टाके?"

"माझे," धाकटीने हात पुढे केला.

"डोळे आले होते?"

"माझे," दोघी एकदमच म्हणाल्या.

"तुझे नंतर आले गं, माझ्यामुळे. दवाखान्यात मी गेले होते," थोरली घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मग थेंब माझ्या डोळ्यांत का घालत होतीस?"

"तू हट्टाने उशाशी येऊन झोपायचीस म्हणून!"

हसता हसता थोरलीला ठसका लागला. नर्सही हसली. मग तिने पुढचं वाचलं आणि तिचा आवाज खाली आला. "ही एक भेट आहे, शरद ऋतूतली. झोप येत नाही. कारण नसताना रडू येतं. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. पुन्हा यायला सांगितलं होतं. आल्या नाहीत."

थोरली म्हणाली, "हे माझं नाही."

धाकटी तळहातावरचे टाक्यांचे व्रण बघत बसली.

मित्रांनो, ही भेट मी तुम्हाला आतापर्यंत सांगितली नाही. मधली गाळून पुढे गेले. मला ठाऊक नव्हती म्हणून नव्हे, मी त्या दिवशीही तिच्या गळ्यात होते. सांगायची लाज वाटली. घसा दिसतो, टाके दिसतात. हे दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते झाकून ठेवायला माझ्यासारखी दुहेरी टिपेची पिशवी बरी पडते.

"पुन्हा का गेली नाहीस?" थोरलीने विचारलं.

"त्या बाई फार चांगल्या होत्या," धाकटी म्हणाली. "पण सारख्या तुझ्या नावाने हाक मारत होत्या. रडू मला येत होतं आणि समजूत तुझी काढत होत्या. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मला वाटलं, मी इथे आलेच नाहीये. शिवाय तुझ्या कागदावर असलं काही लिहून राहिलं असतं. तुला पुढे कुणी विचारलं असतं तर?"

"मला सांगायचंस ना."

"तू अभ्यासात होतीस. आणि मोठी काकू रोज विचारायची, जेवलात का, अभ्यास झाला का. दोघींना मिळून एकदम विचारायची. त्यात मी 'हो' म्हणून टाकायचे."

नर्सने ती भेट धाकटीच्या कागदावर लिहिली. धाकटी वाकून बघत होती. आपलं दुखणं आपल्या नावाखाली लिहिलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग मोठ्याने रडली, अगदी पोटातून. थोरलीने नाकाची नळी सांभाळत तिला जवळ घेतलं.

त्याच दिवशी काकूंचा फोन आला. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली, म्हणजे सांग. थोरलीने सांगितलं. मी वाट बघत होते, आता काकू उसळतील. "असलं काही आपल्या घरात नसतं," म्हणतील. मी त्यांच्याच हातची, मला त्यांचा स्वभाव माहीत. पण काकू म्हणाल्या, "फोन तिला दे."

धाकटीने घेतला.

"झोप लागते का गं तुला आता?"

"लागते, काकू."

"जेवलीस का विचारल्यावर सांगतेस तसं सांगू नकोस."

धाकटी म्हणाली, "नाही लागत."

"बरं. मग बोल. मला काही काम नाही."

तिकडे सकाळ होती, आणि सकाळच्या वेळी काकूंना काम नाही, हे त्यांच्या जन्मात प्रथमच घडलं असेल. धाकटी बोलत राहिली, अडखळत, मागचं पुढे करत. काकूंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या लांबच्या मुलखात शिकायला जाल. कपडे वाटून घ्या, पुस्तकं वाटून घ्या, खाऊचा घास अर्धा करा. आजारपणाचं कार्ड मात्र ज्याचं त्याच्या गळ्यात असू द्या, आणि त्यात ज्याचं त्याचं खरं लिहिलेलं असू द्या. सक्ती नसली तरी घ्या. घरची मोठी माणसं प्रेमाने सांगतात ते सगळंच शहाणपणाचं असतं असं नाही, हे मी प्रेमाने शिवलेली असूनच सांगते. आणि कुठे दुखतंय असं कुणी विचारलं, तर दिसत नाही तिथलंही सांगा, स्वतःच्या नावाने. त्यात लाजायचं काही नाही. लाजायला मी आहे.